चाड्यावरची मूठ

आबांच्या वर्षश्राद्धाला चुलत्यांनी औशाहून फ्लेक्स छापून आणला. बारा बाय आठ फुटांचा. फोटो मतदान ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे आबा कुणावर तरी वैतागल्यासारखे दिसत होते. फोटोखाली चार शब्द होते : कृषिनिष्ठ, कुटुंबवत्सल, हरिभक्तपरायण, सेवाव्रती. मंडपात शिरताना पहिल्यांदा तेच दिसायचं, आणि कीर्तनाला आलेल्या महाराजांनाही तेच दिसलं असणार, कारण पुढचे दोन तास त्यांनी या चार शब्दांचंच निरूपण केलं.

मी मोठ्या मायजवळ बसले होते. मोठी माय म्हणजे आमची आजी. आता अठ्ठ्याऐंशीच्या घरात आहे, कान शाबूत, डोळे अधू. महाराज दुसऱ्या शब्दावर आले तेव्हा तिनं मला कोपरानं ढोसलं.

"काय म्हनलालेत गं त्येनी? कुटुंब काय?"

"कुटुंबवत्सल. घरच्यांवर माया करणारा."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग पदर सारखा करत म्हणाली, "आषाढ सोडून."

मला हसू आवरेना. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मागं वळून बघितलं. सुतकी चेहरा करून बसायच्या जागी नातच खिदळतेय म्हटल्यावर आणखी काय होणार. पण मोठ्या मायनं ते विनोदानं म्हटलं नव्हतं. तिनं दुरुस्ती सुचवली होती.

तिचं म्हणणं समजायला आमच्याकडची जुनी शेती माहीत पाहिजे. आमचं गाव औसा तालुक्यातलं, भारी काळ्या मातीचं. आबांच्या उमेदीच्या काळात इथली खरी शेती रब्बीची. मृगात घरापुरते मूग-उडीद आणि तुरीचे चार तास, म्हणजे ओळी, टाकायचे आणि बाकीचं रान पाऊस प्यायला मोकळं ठेवायचं. उघडीप मिळाली की वखराच्या पाळ्या घालून तण मारायचं आणि उत्तरा-हस्ताच्या वापशावर, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं की, मालदांडी पेरायची. पावसाळ्यात मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीत पडणाऱ्या दवावर ती ज्वारी पोटरीत यायची, वरून एक थेंब नसला तरी. अशा शेतीत आषाढ हा त्यातल्या त्यात रिकामा महिना. पंढरीची वाट आणि रब्बीचं रान एकमेकांत बसवून केल्यासारखी होती. मृगाची पेरणी उरकायची, टाळ घ्यायचे, निघायचं. बार्शीला भगवंताच्या देवळात मुक्काम करून एकादशीला चंद्रभागेत. वाखरीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या दिसल्या की आबा म्हणे चपला काढून हातात घेत.

रिकामा महिना, पण कुणाला? मूग-उडदाची खुरपणी आषाढातच येते. जनावरं घरीच असतात. सहा लेकरांपैकी एक तरी तापानं फणफणतंच. आबा माळकरी होते, एकादशी कधी चुकली नाही, खोटं बोलताना मी त्यांना पाहिलं नाही, पण एकदा वारीला निघाले की मागं वळून बघायचं नाही हा त्यांचा नेम होता. दारातून ओवाळणाऱ्या बाईला तो नेम कसा दिसत असेल, हा प्रश्न त्यांना कधी पडला असेल असं वाटत नाही. पुढं हायब्रीड आलं, नव्वदीनंतर सोयाबीन आलं, खरीप गच्च भरला आणि आषाढ म्हणजे कोळपणी-फवारणीचा ऐन हंगाम झाला. रान बदललं. आबांची वारी जुन्याच पंचांगानं चालू राहिली.

मोठी माय स्वतः पंढरपूर बघायला गेली ती साठीच्या जवळ आल्यावर. तेव्हा लातूर-कुर्डुवाडीची छोटी रेल्वे चालू होती, बार्शी लाईट रेल्वेच्या जमान्यातली, अडीच फुटी रुळांची. कार्तिकी होती. ती तिसऱ्या दिवशी परत, कारण म्हैस व्यायला झाली होती. काय मागितलंस विठ्ठलाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "गर्दी लई. मागायला येळ कुठं दिला त्येनी."

आता शेवटचा शब्द, सेवाव्रती. हा मात्र आबांना शोभतो. वाद नाही. आबा निजामाच्या राज्यात चार इयत्ता शिकले, उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे असतील. रझाकारीबद्दल ते फारसं बोलत नसत आणि मीही इथं बोलणार नाही, तो वेगळा विषय आहे. पण त्या चार इयत्तांचा उपयोग गावाला पुढची साठ वर्षं झाला. आमच्याकडचे जमिनीचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत. सेतवार, जुने निवाडे, वतनाचे उतारे. वाटणीचा तंटा निघाला, बांध कोरला गेला, की माणसं पिशवीत गुंडाळलेला पिवळा कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आबा चष्मा लावून उजवीकडून डावीकडं बोट फिरवत वाचायचे. साल फसली, म्हणजे निजामी महसुली सनातलं असायचं. "यात पाचशे नव्वद मिळव," असं ते मला सांगत, आणि मी १३४५ मध्ये ५९० मिळवून १९३५ सांगितलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर आपला आजोबा सापडल्यासारखं काहीतरी उमटायचं. माझं गणित त्या ओट्यावर पक्कं झालं.

या कामाचे आबांनी कधी पैसे घेतले नाहीत. कुणी नारळ-साखर ठेवली तर ती देवळात जायची. मी लहान असताना याचा मला फार अभिमान होता. पुढं लग्न होऊन स्वतःचं स्वयंपाकघर आल्यावर एक हिशेब डोक्यात आला. तंट्याचा कागद घेऊन कुणी एकटा येत नाही. तिघं-चौघं येतात, दोनदा चहा होतो, जेवणवेळ झाली की "आता जेवूनच जावा" हे आबांचं ठरलेलं वाक्य. भाकरी कोण थापत होतं? सेवा ओट्यावर चालायची आणि तिचा धूर आत निघायचा.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये. म्हणजे, थोडी आहे. पण जास्त कुतूहल आहे. कारण जितकं मागं जाऊन विचारावं तितकं हे चार शब्द नक्की कुणाचे ते सांगणं अवघड होत जातं.

बहात्तरचा दुष्काळ घ्या. गावात आबांबद्दल जी गोष्ट अजून सांगतात ती त्या दुष्काळाची आहे : गावात कुणाकडं पेरायला बी नव्हतं तेव्हा यांनी चार घरांना फुकट बियाणं दिलं. महाराजांनीही ती कीर्तनात सांगितली, थोडी वाढवून. मला माझ्या वडिलांनी ती अशी सांगितली आहे.

त्या वर्षी सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर. अठरा एकराचे आबाही खडी फोडायला, मोठी मायही. पोरांना सुकडी मिळायची. रेशनला मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तडकायची आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसायची. आणि घरात, मधल्या भिंतीतल्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या पोकळीत, दोन पोती मालदांडी होती. बियाण्याची. राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात घातलेली, आणि बळदाचं तोंड मोठ्या मायनं शेणामातीनं लिंपून टाकलेलं. निम्मं बी बहात्तरच्या हस्तात पेरून करपलं होतं, हे उरलेलं. वडील तेव्हा दहा वर्षांचे. ते सांगतात, आम्ही भावंडं त्या भिंतीला नाक लावून बसायचो, आतल्या ज्वारीचा वास येतोय असं वाटायचं. येत नसणार. पण वाटायचं.

एका रात्री आबा म्हणाले, फोडू या. लेकरांचे हाल बघवंनात. मोठी माय नाही म्हणाली. दोघांचं भांडण झालं, आवाज न करता, जसं एका खोलीच्या घरात होतं तसं. बळद फुटलं नाही.

त्र्याहत्तरला पाऊस आला. मालदांडीचं बी एकरी चार किलो पुरतं, म्हणजे एका पोत्यात पंचवीस एकर रान पेरून होतं. आपलं पेरून उरलेलं बी चार घरांना द्यायचं ठरलं. कुणी ठरवलं, हे वडिलांना आठवत नाही. पोतं डोक्यावर घेऊन त्या चार दारांत आबा गेले, म्हणून गोष्ट त्यांची झाली. रीत सवाईची होती, पायली नेली तर सव्वा पायली परत. मोठ्या मायचा निरोप असा होता की, नेलं तितकंच आणा, पण कणसं निवडून आणा. जाड दाण्याची, गच्च भरलेली, ताटावर उभी असतानाच हेरून ठेवलेली. तिला व्याज नको होतं, वाण हवं होतं.

मालदांडी ही मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली जात, स्वातंत्र्यापूर्वीची. आमच्या घरातली ती कधी आली हे कुणाला माहीत नाही. पण बहात्तर ओलांडून ती पुढं गेली ती त्या लिंपलेल्या भिंतीमुळं, एवढं मला माहीत आहे.

पेरणीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिफणीला तीन नळ्या, वर लाकडी वाटीसारखं चाडं. बैलांमागं तिफणीवर पुरुष, आणि तिफणीच्या जोडीनं चालत चाड्यावर मूठ धरणारी बाई. मुठीतून दाणे करंगळीच्या बाजूनं सोडायचे, बैलांच्या चालीच्या मापानं. मूठ सैल पडली तर दाट होऊन ताटं बारीक राहतात. घट्ट झाली तर रानात टक्कल. गावात आबांच्या ओळींचं कौतुक होतं. सुतानं आखल्यासारख्या सरळ. रस्त्यानं जाणाऱ्याला ओळ दिसते. मूठ दिसत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन माणसं गाढ झोपलेली. आमच्या घराच्या एका भिंतीला चीर गेली, तेवढंच. किल्लारी आमच्यापासून वीसेक किलोमीटर. सकाळी बातमी आली आणि दुपारपर्यंत आबा, दोन्ही चुलते आणि गावातली पंधरा-वीस माणसं पहारी, फावडी, दोर घेऊन गेली. माझे वडील नोकरीनिमित्त उदगीरला, ते तिकडूनच गेले.

आबा तिथं नऊ दिवस राहिले. काय केलं, काय पाहिलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हजारो माणसं गेली, पुढं ५२ गावं नव्यानं वसवावी लागली, हे सगळं मी मोठी झाल्यावर वाचलं. आबांनी एकच केलं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी शिडी लावून घराच्या माळवदावर चढले आणि माती उकरायला लागले. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात थर. उन्हाळ्यात थंडगार. गळू नये म्हणून दर वर्षी वर नवी माती पडते, जुनी कुणी काढत नाही. खाली मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर साठवलेली माती किल्लारीत काय करून गेली ते आबांनी हातानं उपसलं होतं. आठ दिवसांत आमच्या घरावर पत्रे आले. उन्हाळ्यात पुढं सगळे उकडून निघाले, पण पत्र्याबद्दल आबांपुढं कुणी बोललं नाही.

आता त्या नऊ दिवसांत घरी काय झालं ते. तारीख बघा. तीस सप्टेंबर, हस्त नक्षत्र. चौथ्या-पाचव्या दिवशी रानात वापसा आला. वापसा म्हणजे माती पायाला चिकटत नाही आणि कोरडीही नाही अशी अवस्था, काळ्या रानात ती दोन-चार दिवस टिकते. गावात तरणा पुरुष नाही. लोक मैदानात झोपत होते. पेरणीचं नाव काढायचीही लाज वाटावी असे दिवस.

मोठ्या मायनं बैल सोडले. एक वानेरा, एक शेवरा, देवणीची जोडी. आणि माझ्या आईला म्हणाली, "रुमणं धर."

आमच्याकडं बाईनं औत धरायचं नसतं. पाऊस रुसतो म्हणतात. शेजारची एक म्हातारी बांधावर येऊन हे सांगून गेली. आई म्हणाली, "जमीन हलली, आता आणखी कोण रुसायचं राहिलंय?" आईनं आयुष्यात कधी तिफण धरली नव्हती. मोठी माय चाड्यावर. मी मागं पाण्याची कळशी घेऊन. माझ्या आठवणीत खरं तर फक्त बैलांच्या शेपट्या आणि आईच्या घोट्यापर्यंत आलेली माती आहे, बाकीचं ऐकीव. तीन दिवसांत सहा एकर झालं. ओळी इतक्या वाकड्या की एका ठिकाणी दोन तास एकमेकांना भेटून पुन्हा दूर गेले होते.

आबा आले तेव्हा ज्वारी बोटभर उगवून आली होती. वाकडेपणा उगवल्यावर जास्त दिसतो. रस्त्याकडेचं रान, येणारा-जाणारा थांबून बघायचा. आबा बांधावर उभे राहिले, मग आत शिरले, आणि उकिडवे बसून दोन रोपांमधलं अंतर बोटांनी मोजायला लागले. इथं, तिथं, पार मधे जाऊन. घरी येऊन जेवले. जेवताना म्हणाले, "वळी वाकड्या हायत. पर दाट-विरळ कुठंच न्हाई."

मोठी माय म्हणाली, "कधी हुतं?"

एवढंच. आईनं ही गोष्ट मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल आणि दर वेळी त्या "कधी हुतं" वर ती थांबते.

आबांच्या गोष्टी सांगताना माझ्या मोठ्या आत्याची गोष्टही सांगायला पाहिजे. ती हुशार होती. सातवीनंतर शाळा औशाला होती, रोज चालत जावं लागलं असतं. आबांनी शाळा बंद केली. त्याच सुमाराला देवळाच्या सभामंडपाला त्यांनी वर्गणी दिली, गावात सर्वांत मोठी. आत्या आजही सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला त्याच मंडपात बसते, अस्खलित वाचते, आणि खांबावर कोरलेल्या आबांच्या नावाखालचीच जागा धरते. मुद्दाम की सवयीनं, मी विचारलेलं नाही. मला मात्र आबांनी बी.एस्सी. होईपर्यंत एका शब्दानं अडवलं नाही. वसतिगृहात दर महिन्याला ज्वारीचं पीठ स्वतः आणून द्यायचे. माणूस बदलला होता की आत्याच्या वाटचं माझ्याकडं आलं होतं, कोण जाणे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आबा चौऱ्याऐंशीचे. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. टीव्हीवर ती गाडी दाखवत होते. आबांनी विचारलं, कोणत्या वाटेनं आली? मी सांगितलं, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. पंढरपूर ऐकल्यावर आबांनी टीव्हीला हात जोडले.

मोठी माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता इठ्ठल घरपोच पाणी धाडलालाय. आन तुमी साठ वर्सं चालत जात हुता."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दोघांचं एकमेकांशी जे काही होतं ते मला त्या ठसक्यात दिसलं. चार शब्दांच्या फ्लेक्सवर ते मावणारं नव्हतं.

त्यांची शेवटची येळवस आम्ही शेतातच केली. मार्गशीर्षातली ही अमावस्या पुण्या-मुंबईकडं कुणाला ठाऊक नसते. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात, बाजारपेठा बंद, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, तिच्यात चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, आणि भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवू घालायचं असतं आणि आबांचा आवाज त्यासाठीच देवानं दिला होता. त्या वर्षी आवाज गेला होता. त्यांना खुर्चीत बसवून नेलं. एक मोटारसायकलवाला जात होता. आबांनी हात वर केला, पण त्यानं पाहिलं नाही. तेव्हा मोठी माय उठून बांधापर्यंत गेली आणि खड्या आवाजात तिनं त्याला हाक मारली. तो वळून आला. जेवला. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी, पौषात, आबा गेले.

वर्षश्राद्ध झालं, मंडप निघाला, फ्लेक्स गुंडाळून ओसरीत ठेवला. चुलत्यांच्या मनात तो पुढच्या वर्षीही लावायचा होता. माघ संपता संपता मी पुन्हा गावी गेले तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. बाकी सगळं रान आता सोयाबीन आणि हरभरा, पण मोठ्या मायच्या हट्टानं अर्धा एकर मालदांडी अजून असते. ट्रॅक्टरनं पेरतात. ओळी सरळ असतात.

अंगणात तो फ्लेक्स पसरलेला होता, पालथा, पांढरी बाजू वर. त्यावर निवडलेली कणसं वाळत घातलेली आणि कडेला मोठी माय काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलेली.

"अगं, आबांचा फोटो आहे ना त्यावर?"

"हाय की. खाली केलाय. ऊन लागतंय त्येनला," ती म्हणाली, आणि एक कणीस उचलून माझ्या हातात दिलं. "बघ बरं भरलंय का. मला आता दिसंना."